खुरपं कुणाच्या हातात?

अण्णांना झटका आला त्या सकाळी मी पुण्यात स्टँडअप कॉलवर होतो. आईचा फोन दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ती म्हणाली, "अरे, अण्णांचा डावा हात मेल्यासारखा झालाय. मघापासून तेल चोळतेय, पण उचलतच नाहीयेत."

"मघापासून" म्हणजे नेमका किती वेळ, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे त्या दिवशी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. इंजिनिअरिंगची डिग्री, हातात चोवीस तास इंटरनेट, आणि तरी मी फोनवर म्हणालो, "झोपेत हात अवघडला असेल, बघ अर्धा तास." तो अर्धा तास माझ्या नावावर आहे.

तेव्हा आधी एवढं वाचा: तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात गळून पडला किंवा बोलणं अचानक अडखळलं, तर तेल चोळत बसू नका, गाडी काढा. हे वाचून लेख बंद केलात तरी माझी तक्रार नाही.

*

अण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. तेहतीस वर्षं पाना हातात. साताऱ्यातल्या आमच्या घरात नळ गळला, मिक्सर बंद पडला, सायकल पंक्चर झाली, तर बाहेरचा माणूस कधी आला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर तेलाचे पत्र्याचे डबे कापून मेथी, मिरची, वांगी लावली. आई म्हणायची, "डेपो वर आणलाय ह्यांनी." कारण प्रत्येक डब्याला नंबर घातलेला होता.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं ठीक होतं, पाय ओढत का होईना चालत होते. डावा हात मात्र मांडीवर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

मी वर्क फ्रॉम होम घेऊन साताऱ्याला आलो आणि मला जे येतं तेच केलं: शीट बनवलं. मनगट वर-खाली वीस वेळा, चेंडू दाबणं तीस वेळा, सकाळ-संध्याकाळ. अण्णा दोन दिवस करायचे, तिसऱ्या दिवशी चेंडू कोपऱ्यात टाकायचे. "पोरांचे खेळ आहेत हे." माझ्या शीटवरचे लाल चौकोन वाढत गेले.

बाकी घर सेवेला लागलं होतं. आई घास भरवायची. शर्टाची बटणं मी लावायचो. चुलतभाऊ येऊन आंघोळ घालायचा. पाहुणे आले की आई अभिमानानं सांगायची, "ह्यांना आम्ही इकडची काडी तिकडे करू देत नाही." पाहुणे म्हणायचे, "भाग्यवान आहात हो अण्णा." अण्णा उजव्या हातानं डावा हात उचलून नमस्कार करायचे.

तीन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, एका ओळखीतून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडम घरी आल्या. त्यांनी हात नंतर पाहिला. आधी विचारलं, "काका, आजारपणाआधी दिवसभर काय करायचा?"

"गच्चीवर चार डबे होते. वाळले आता."

"का वाळले?"

कुणी बोललं नाही. गच्चीवर जायला जिना होता, जिन्याला कठडा होता आणि अण्णा जिना चढू शकत होते. आम्हीच चढू देत नव्हतो.

मॅडम आईकडे वळल्या. "काकू, उद्यापासून वरचं पाणी काका घालतील. चढताना-उतरताना एकजण मागे थांबा, पण झारीला तुम्ही कुणी हात लावायचा नाही. सांडली तरी."

त्या गेल्यावर आई चिडली. "फी घेऊन आजारी माणसाला कामाला लावतात!" मलाही वाटलं, हा टाइमपास आहे. त्या रात्री मी मॅडमना खोटं ठरवायला वाचायला बसलो. पुढचा सगळा इतिहास त्या चिडण्यातून माझ्या वाट्याला आला.

*

या गोष्टीचं एक जुनं टोक १८१२ सालच्या फिलाडेल्फियात सापडतं. डॉ. बेंजामिन रश हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. त्या वर्षी त्यांनी मनाच्या आजारांवर एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातले बरेचसे उपाय आज वाचताना अंगावर काटा येतो. रश रुग्णांचं भरपूर रक्त काढायचे, आणि हालचाल बंद करणारी एक खुर्चीही त्यांनी बनवली होती. पण त्याच पुस्तकात एक साधं निरीक्षण आहे. रुग्णालयात जे पुरुष लाकडं फोडतात, शेकोट्या पेटवतात, बागेत खणतात आणि ज्या बायका धुणं-इस्त्री करतात, फरशा पुसतात, ते बऱ्याचदा बरे होतात. ज्यांना आपल्या दर्जामुळे असली कामं करावी लागत नाहीत, ते मात्र तिथल्या भिंतींआड झिजत राहतात.

बागकामातून उपचार या विषयावरच्या लिखाणात रशचं हे निरीक्षण हमखास येतं आणि त्यातल्या बागेचं कौतुक होतं. मला त्या रात्री बाग दिसलीच नाही. मला ते दर्जावाले रुग्ण दिसले. गरीब रुग्ण बरे होत होते, कारण त्यांची कामं करायला दुसरं कुणी नव्हतं. श्रीमंत रुग्णांच्या दिमतीला माणसं होती. एका निवृत्त मेकॅनिकला आम्ही तीन महिन्यांत श्रीमंत करून ठेवलं होतं.

रशच्या थोडं आधी, १७९६ साली, इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये क्वेकर पंथाच्या विल्यम ट्यूक यांनी 'द रिट्रीट' सुरू केलं होतं. मनोरुग्णांना साखळ्या घालण्याऐवजी माणसासारखं वागवायचं आणि रोजचं काम द्यायचं, ही तिथली रीत. १८१७ साली फिलाडेल्फियाजवळ अमेरिकेतल्या क्वेकरांनी तशीच संस्था काढली. तिथेही शेत आणि बाग हा उपचाराचाच भाग होता.

पण हे सगळं मनाच्या आजारांचं झालं. लुळ्या हाताचा यात काय संबंध?

*

तो संबंध जोडणारा माणूस डॉक्टर नव्हता, आर्किटेक्ट होता. जॉर्ज एडवर्ड बार्टन. आधीच क्षयानं पोखरलेला. त्यात पायाची शस्त्रक्रिया झाली आणि तिच्यानंतर शरीराची डावी बाजू लुळी पडली. हा मेंदूतल्या गुठळीचा झटका नव्हता. त्या काळच्या डॉक्टरांनी त्याचं मूळ मनात आहे असं ठरवलं. पण हात हलत नव्हता हे खरं.

१९१४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावात त्यानं एक जुनं घर घेतलं, त्याला 'कन्सोलेशन हाउस' असं नाव दिलं आणि स्वतःवरच प्रयोग सुरू केला. सुतारकाम आणि बागकाम. घर दुरुस्त करायचं होतं, आवारात बाग करायची होती. ती कामं हाच व्यायाम. त्यातून तो पुन्हा हिंडूफिरू लागला. मार्च १९१७ मध्ये त्याच घरात मोजकी माणसं जमली आणि एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. 'ऑक्युपेशनल थेरपी' या व्यवसायाचा औपचारिक जन्म तो. 'ऑक्युपेशन' म्हणजे इथे नोकरी नव्हे. माणूस ज्यात गुंततो, ते काम.

पहिलं महायुद्ध चालू होतंच. जखमी सैनिक परतू लागले आणि ही कल्पना मनोरुग्णालयाबाहेर पडली. तुटलेले हात, लुळे पाय, क्षय, सगळीकडे ती वापरली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या सैनिकी रुग्णालयांत गार्डन क्लबच्या बायका रोपं आणि कुंड्या घेऊन जायच्या. १९५९ साली न्यूयॉर्कच्या रस्क इन्स्टिट्यूट या पुनर्वसन केंद्रात रुग्णांसाठी खास हरितगृह उभं राहिलं, 'ग्लास गार्डन'. व्हीलचेअरवरच्या माणसालाही आत येऊन मातीत हात घालता यावा, हा त्यामागचा विचार.

*

योगायोग असा, की त्याच १९५९ साली न्यूयॉर्कमधल्याच एका प्राध्यापकाला झटका आला. पेद्रो बाख-इ-रीता, मूळचे कातालान कवी, सिटी कॉलेजात शिकवायचे. बोलणं गेलं, अर्धं अंग गेलं. त्यांचा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता, तो त्यांना तिकडे घेऊन गेला. काही आठवड्यांच्या उपचारांनंतर आणखी सुधारणा होणार नाही असं सांगण्यात आलं.

जॉर्जला पुनर्वसनशास्त्र येत नव्हतं. हे त्याच्या पथ्यावर पडलं. लहान मूल चालायच्या आधी रांगतं एवढंच त्याला माहीत होतं. त्यानं वडिलांना रांगायला लावलं, घरात आणि मग बाहेर बागेतही. शेजारी संतापले: एवढ्या मोठ्या प्राध्यापकाला कुत्र्यासारखं चालवतोय! (आमच्या आईचंच वाक्य, साठेक वर्षं आधी, स्पॅनिशमधून.) पुढे घरातली भांडी आली. चांगल्या हातानं पातेलं धरायचं आणि कमजोर हात आतून गोल गोल फिरवायचा, पंधरा मिनिटं एका दिशेनं, पंधरा मिनिटं उलट.

पेद्रो पुन्हा कॉलेजात शिकवू लागले. झटक्यानंतर सातेक वर्षांनी कोलंबियातल्या डोंगरात फिरताना हृदयविकारानं गेले. शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारे बहुतेक तंतू नष्ट झालेले होते. ते नुकसान भरून आलेलंच नव्हतं. उरलेल्या मेंदूनं काम वाटून घेतलं होतं. त्यांचा दुसरा मुलगा पॉल डॉक्टरच होता. त्यानं पुढचं आयुष्य मेंदूच्या या बदलत्या रचनेवर संशोधन करण्यात घालवलं.

माझ्यासारख्याला लगेच सर्व्हर आठवतो: एक बंद पडला की लोड दुसऱ्यावर जातो. पण सर्व्हर आपोआप स्विच होतो. मेंदूचं तसं होत नाही, त्याच्याकडे मागणी यावी लागते, आणि हजारो वेळा यावी लागते. इथे एडवर्ड टौब हा शास्त्रज्ञ येतो.

टौबनं माकडांच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. माकडांनी तो हात वापरणं सोडलं. मग त्यानं चांगला हात बांधून ठेवला, तर माकडं 'मेलेला' हात वापरू लागली. त्याचं स्पष्टीकरण असं: सुरुवातीच्या दिवसांत माकड तो हात हलवून पाहतं, जमत नाही, तेवढ्यात ते शिकतं की हा हात निकामी आहे. पुढे हात थोडा सुधारला तरी ते शिकलेलं पुसलं जात नाही. १९८१ साली या माकडांच्या हालअपेष्टांवरून त्याच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली आणि मोठा खटला झाला. त्या माकडांचं काय झालं हे वाचल्याशिवाय हे संशोधन सांगू नये असं मला वाटतं. पण माणसांवर त्याचा उपयोग झाला. २००६ साली अमेरिकेत २२२ पक्षाघाताच्या रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दोन आठवडे चांगल्या हाताला जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा घालून ठेवायचा आणि कमजोर हाताकडून कसून सराव करून घ्यायचा. फायदा झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकला.

शिकलेलं न वापरणं. मी हे तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. आमच्या घरात ते एकटे अण्णा शिकत नव्हते. बटण लावणारा मी, घास भरवणारी आई, आम्ही सगळे त्यांना शिकवत होतो.

*

मॅडम पुन्हा आल्या तेव्हा मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. त्या हसल्या. "मी केईएमची. आमच्या कॉलेजची सुरुवात कुणी केली माहितीय? कमलाबाई निंबकर. तुमच्या जिल्ह्यातलंच नाव."

नाव ऐकलेलं होतं, फलटणच्या 'कमला निंबकर बालभवन' शाळेमुळे. बाई कोण, ते माहीत नव्हतं. त्या मूळच्या एलिझाबेथ लंडी, १९०० साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जन्मलेल्या. घर क्वेकर. विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून १९३० साली भारतात आल्या आणि कमला झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून परतल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातलं या विषयाचं पहिलं शिक्षणकेंद्र सुरू केलं. १९५२ साली या व्यवसायाची जागतिक संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापक देशांत भारत होता, तो त्यांच्या प्रयत्नांमुळे. त्यांचा मुलगा शेतीशास्त्राकडे गेला आणि १९६८ साली त्यानं फलटणला शेती संशोधन संस्था काढली. लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, इरावती कर्व्यांची मुलगी.

म्हणजे क्वेकरांच्या बागा, क्लिफ्टन स्प्रिंग्जमधलं ते घर, परळमधलं केईएम आणि मग आमच्या गच्चीचा जिना. ही साखळी मी एका कागदावर काढली आणि आईला दाखवली. तिनं ती शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "एवढ्या लांबून आलंय तर करू दे त्यांना."

*

पहिल्या दिवशी झारी सांडली. मी सवयीनं वाकलो. अण्णा म्हणाले, "ठेव ती." मी ठेवली. त्यांनी उजव्या हातानं झारी उचलली आणि डावा हात तिच्या बुडाखाली नेला. हात घसरला. पुन्हा नेला.

खुरप्याची मूठ बारीक होती, डाव्या हाताच्या बोटांत बसेना. अण्णांनी दुसऱ्या दिवशी सायकलची जुनी ट्यूब मागितली आणि मुठीवर तिचे वळसे घातले. पकड जाड आणि घट्ट झाली. नंतर कळलं की जाड मुठीची अवजारं थेरपिस्ट खास बनवून घेतात. डेपोतल्या माणसाला ते कुणी सांगावं लागलं नाही.

मग धणे आले. धणे तसेच पेरले तर नीट उगवत नाहीत, ते रगडून त्याच्या दोन डाळी कराव्या लागतात. एरवी पायातल्या चपलेनं रगडतात. मॅडमनी एक छोटी फळी डाव्या तळव्याखाली दिली. पुढे, मागे. पुढे, मागे. मी दाराशी बसून मोजायला लागलो आणि दोनशेनंतर मोजणं सोडलं. २००९ सालच्या एका अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या थेरपीच्या सत्रांचं निरीक्षण झालं होतं. कमजोर हाताच्या उपयोगी हालचालींची सरासरी एका सत्रात फक्त ३२ भरली होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र मेंदू बदलतो तो रोजच्या शेकडो हालचालींनी. माझ्या शीटमध्ये तीसच होत्या आणि त्याही लाल.

फरक अण्णांच्या जिद्दीत पडला नव्हता. चेंडू दाबून चेंडूच राहतो. धणे रगडले की पेरता येतात, आणि आठ-दहा दिवसांनी डब्यात काहीतरी दिसतं किंवा दिसत नाही. न दिसल्यास चूक शोधावी लागते. अण्णांनी आयुष्यभर तेच केलं होतं. पहिल्या डब्यातली कोथिंबीर नीट उगवली नाही. त्यांनी निदान केलं: पाणी जास्त, डब्याला भोक नाही. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला झापलं. "भोकं पाड म्हटलं होतं. ऐकत जा."

*

आता खरं काय ते सांगतो. बागकामानं पक्षाघात बरा होतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. याबाबतचे अभ्यास छोटे आहेत. गोळ्या, रक्तदाब, फिजिओथेरपी यांना खुरपं पर्याय नाही. अण्णांचं हे सगळं बागेबरोबर चालूच होतं, त्यामुळे कशानं किती फरक पडला हे मी वेगळं काढू शकत नाही. संवेदना कमी असलेल्या हाताला काच-काटा लागला तरी कळत नाही, म्हणून अण्णा हातमोजा घालतात. सकाळच्या उन्हातच जातात, खुर्चीवर बसून काम करतात, डबे विटांवर उंच ठेवलेत. हे सगळं मॅडमना विचारून.

डाव्या हातानं अजून शर्टाचं वरचं बटण लागत नाही. मोटरसायकल विकली. बोटं मिटतात, पण उघडायला वेळ लागतो. खुरपं सोडवायला उजव्या हाताची मदत लागते. आईला अजूनही ताट वाढून दिल्यावर हात मागे घेणं जड जातं. ती आता पाठ करून उभी राहते, म्हणजे दिसत नाही.

मी पुण्याला परतलो त्याला वर्ष होऊन गेलं. मागच्या महिन्यात घरी गेलो तेव्हा मेथी तयार होती. अण्णांनी परात माझ्यापुढे सरकवली आणि समोर बसले. मी दोन्ही हातांनी भराभर खुडायला लागलो. ते डाव्या हातात जुडी धरून, उजव्यानं एकेक पान काढत होते. माझा ढीग झाला, त्यांची अर्धी जुडी व्हायची होती.

मी त्यांच्या जुडीकडे हात नेला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला आणि फोन काढून बसलो. त्या दिवशी भाजीला तासभर उशीर झाला.